चहाच्या खोक्यावरचे सेक्रेटरी

“आधी नाही म्हणणारे बोला.”

एवढं म्हणून सेक्रेटरी माझ्या हॉटेलाच्या दारातलं चहाचं रिकामं खोकं उचलायचे, उपडं टाकायचे, तळव्यानं दोनदा थोपटून बघायचे आणि बाजूला सरकून उभे राहायचे. युनियनची सभा अशी सुरू व्हायची. सभा तुम्हीही पाहिल्या असतील. नाही म्हणणारा उठला की मागून कुणीतरी त्याचा सदरा ओढतो आणि त्याला खाली बसवतो. इथं उलटा कारभार होता. ठरावाच्या बाजूनं बोलायचं तर जमिनीवर उभं राहून बोला, विरोधात असाल तर खोक्यावर चढा.

हे काय खूळ, म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाले, “हो म्हणणाऱ्याच्या आजूबाजूला माणसं असतात, तात्या. नाही म्हणणारा एकटा असतो. तो मागच्यांना दिसला पायजे.”

मला त्यांचं म्हणणं पटलं. खोक्याचे पैसे मागायचं मनात होतं, ते राहून गेलं.

तेव्हा पिंपरी म्हणजे गावच होतं. एका अंगाला निर्वासितांच्या कॅम्पातली नवी दुकानं, दुसऱ्या अंगाला आमची ज्वारी, आणि मधूनच एखाद्या कारखान्याचं धुराडं. आमच्या वडिलांनी रानाचा एक तुकडा ओतीव लोखंडाच्या कारखान्याला विकला आणि फाटकासमोरची चिंचोळी पट्टी तेवढी ठेवून घेतली. तिच्यावर मी पत्रे टाकून हॉटेल काढलं. शेतकऱ्याचं पोर कपबशा विसळतंय म्हणून भावकीनं नाकं मुरडली. मुरडू देत. फाटकासमोर बसून जे ऐकायला मिळतं ते रानात थोडंच मिळतं? मी जन्माचा भोचक. त्या धंद्यानं माझी फार सोय केली.

कारखान्यात इंजिनांचे भाग ओतायचे. काळ्या वाळूत साचा भरायचा, भट्टीतून लोखंडाचा रस आणून त्यात सोडायचा. वाळूची धूळ घशात बसते, म्हणून कंपनी रोज प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. सुटी झाली की ही सगळी काळी मंडळी गूळ चघळत माझ्याकडं यायची आणि वर पुन्हा गोड चहा प्यायची.

सेक्रेटरी त्यांच्यातलेच, साचे भरणारे. सांगलीकडून आलेले. बुटके, खांदे रुंद, हातांवर रसाचे थेंब उडून पडलेले पांढरे डाग, आणि डावी भुवई अर्धी जळलेली. त्या अर्ध्या भुवईमुळं ते कायम काहीतरी शंका काढताहेत असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर काढतच असायचे.

युनियन उभी राहिली तशी त्यांची धावपळ वाढली. कुणाचा पाय भाजला, कुणाला कामावरून काढलं, की हे चालले पुण्याच्या लेबर ऑफिसात. गेलेल्या दिवसाचा पगार कंपनी कापायची. तेव्हा लोकांनीच ठरवलं की सेक्रेटरींनी नोकरी सोडावी, पूर्ण वेळ युनियनचं बघावं, आणि साचेवाल्याला मिळतो तेवढा पगार आपण वर्गणीतून द्यावा. ह्यालाही खोक्यावर चढून पहिला विरोध कुणी केला असेल? त्यांनीच. पगारी पुढारी कसा बिघडतो ह्यावर ते असे काही बोलले की मला वाटलं, संपलं, ठराव पडला. मग भट्टीवरचा गेनू उठला. हा गेनू कुरुळीचा, रोज सायकल मारत यायचा, आणि त्याचा आवाज भट्टीच्या पंख्याच्या घरघरीतही ऐकू यायचा.

“तुमी बिघडला तर आमी हाय की कान धरायला,” तो म्हणाला. “आत्ता गप ऱ्हावा आन राजीनामा लिवा.”

लोक हसले, हात वर झाले, ठराव झाला. सेक्रेटरी खोक्यावरून उतरले, धोतराच्या सोग्यानं खोकं पुसलं आणि म्हणाले, “आता मी माझा.” मग त्यांनीही हात वर केला.

हे ‘आता मी माझा’ तुम्हाला समजायला हवं. विरोधात कुणीच उभं राहिलं नाही तर सेक्रेटरींनी चढायचं, हा त्यांचाच नियम होता. विरोध ऐकून त्याला उत्तर दिल्याशिवाय ठराव करायचाच नाही. वर असताना ते दुसऱ्या कुणाच्या तरी वतीनं बोलायचे, आणि अगदी जीव तोडून बोलायचे. खाली उतरले, ते तीन शब्द म्हटले, की पुन्हा आपले सेक्रेटरी.

एकदा भट्टीजवळ पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवावेत असा ठराव आला. पाण्याला कोण नाही म्हणणार? कुणी चढेना. तेव्हा हे चढले. म्हणाले, माठाशी माणसं घोळका करतील, पाणी सांडेल, आणि ओल्या जमिनीवर रस पडला तर तो फुटून उडतो हे मी काय तुम्हाला सांगू? मग गेनूच म्हणाला, “माठ दाराभायेर ठेवा की, लिंबाखाली.” माठ बाहेर ठेवले गेले. भांडणाशिवाय धड काही होत नाही असं सेक्रेटरींचं मत होतं, आणि त्या दिवशी ते मलाही पटलं. शिवाय भांडण लांबलं की चहा जास्त खपायचा. ते मत माझं.

सभेतलं वेड घरीदारीही होतं. मी हॉटेलात रेडिओ आणायचा म्हटलं तर त्यांनी मला बाकावर बसवून तासभर सांगितलं की रेडिओ का आणू नये. लोक चहा न घेता गाणी ऐकत बसतील, बिघडला तर पुण्याला न्यावा लागेल, आणि तुझं तोंड बंद पडेल, ते सगळ्यात वाईट. मी ऐकलं नाही, आणला. पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन कोण बसलं असेल?

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. कॅम्पाच्या पाठीमागं दोन खोल्यांत राहायचे, एक मुलगी होती. वहिनीही त्यांना ‘सेक्रेटरी’च म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी त्या शब्दाला फोडणी असायची. “आज सेक्रेटरी जेवायला येणार आहेत की सभा आहे?” मी एकदा विचारलं, वहिनी, हे पहिल्यापासूनच असे का?

“पहिल्यापासून म्हणजे बघायला आले तेव्हापासून,” त्या म्हणाल्या. “पोहे ठेवले, सगळे जरा बाहेर गेले, तर मला म्हणतात, मी तुम्हाला नकाराची कारणं सांगतो. धुळीत काम करतो, खोकला आहे, रागीट आहे, पैसा साठत नाही. एकेक मोजून सांगितलं. मी म्हटलं, झालं? आता माझं ऐका. पोहे गार होतायत, ते आधी खावा.”

“मग?”

“मग काय. खाल्ले. तेच त्यांना हवं होतं.”

हे मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं.

मग ते वाईट वर्ष आलं. कंपनीच्या मालाची मागणी तुटली. ओतलेले भाग अंगणात गंजत पडले. आदल्या वर्षी मराठवाड्यातून आलेली एक तुकडी कामाला लागली होती. गावी रान नाही, इथं ओळख नाही, एका खोलीत दहा-बाराजण राहायचे. मालकांनी सेक्रेटरींना बोलावून सरळ सांगितलं की ह्या नव्या पोरांना काढतो, नाहीतर सगळ्यांनी सवलत द्या. भट्टीचा भत्ता सोडा, रोज थोडा वेळ जास्त काम फुकट करा, गूळ बंद, आणि वर्षभर नवा माणूस एकही घेणार नाही. एवढं मान्य केलंत तर कुणालाही काढत नाही.

सेक्रेटरी महिनाभर घासाघीस करत होते. हाती काही फार लागलं नाही. शेवटी त्यांनी करार लोकांपुढं ठेवायचं ठरवलं आणि तो मान्य करा असंच सांगायचं ठरवलं.

माझ्या बाकांवर तेव्हा काय बोलणं चालायचं ते मी रोज ऐकत होतो. कपबशी ठेवायला गेलो की आवाज बारीक व्हायचा, पण मला ऐकू यायचंच. “आपला भत्ता गेला, गूळ गेला. सेक्रेटरीचं काय गेलं?” “वर्गणी तर आपलीच.” “सही करणाऱ्याच्या खिशाला धग नाही लागत, बाबा.” कुणी म्हणे मालकानं चहा पाजला, कुणी म्हणे जेवण घातलं. गेनू हे ऐकून चिडायचा, पण भत्ता त्याचाच सगळ्यात मोठा जात होता, त्यामुळं चिडूनही तो फार बोलत नसे.

सेक्रेटरी आले की सगळे एकदम रेडिओ ऐकायला लागायचे. त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. एक दिवस चहाचा घोट घेत मला म्हणाले, “तात्या, तुझ्याकडं हल्ली फार शांतता असते रे.”

सभा झाली. दिवसपाळी सुटलेली, ऊन कलतं झालेलं. कारखान्यातली सगळी माणसं माझ्या हॉटेलासमोर बसली होती. नवी पोरं मागं एका घोळक्यात, कुणाकडंही न बघता.

पहिला ठराव कराराचा. त्याला विरोध चांगला दणकून झाला. गेनू खोक्यावर चढला आणि त्यानं कंपनीचं सगळं काढलं. सेक्रेटरींनी जमिनीवर उभं राहून उत्तर दिलं. आवाज बसलेला, पण बोलणं स्पष्ट. “भत्ता परत मागता येईल. ह्या पोरांना एकदा गावी पाठवलं तर परत आणता येणार नाही.” शेवटी गेनू उतरला आणि त्यानंच हात वर केला. करार मान्य झाला. मागची पोरं तशीच बसून राहिली. त्यातला एकजण गुडघ्यात तोंड घालून रडत होता. मी त्याच्यापुढं कप ठेवला आणि पैसे सांगितले नाहीत. मला त्या दिवशी सेक्रेटरींचा फार अभिमान वाटला, हे उघडच सांगतो.

दुसरा ठराव नेहमीचा. सेक्रेटरींचा पगार पुढच्या वर्षी चालू ठेवावा. हा दरवर्षी व्हायचा. दरवर्षी कुणीतरी चिकट माणूस खोक्यावर चढून कुरकुर करायचा, लोक त्याची टर उडवायचे आणि मग सगळे हात वर.

“आधी नाही म्हणणारे बोला,” सेक्रेटरी म्हणाले.

कुणी उठलं नाही. बाकांवर महिनाभर बोलणारे सगळे समोर होते. कुणी चपलेतला खडा काढत होतं, कुणी विडी शोधत होतं. सेक्रेटरींनी वाट पाहिली. एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग खोकं ओढलं आणि स्वतः चढले.

मी किटली घेऊन उभा होतो. मी सभासद नाही, मला हात वर करायचा अधिकार नाही, पण ऐकायला कोण अडवणार? आणि जे ऐकलं ते माझ्या ओळखीचं निघालं. माझ्या बाकांवरचं सगळं बोलणं, जसंच्या तसं. आपला भत्ता गेला, ह्याचं काय गेलं. सही करणाऱ्याला धग लागत नाही. ज्याचं पोट करारावर नाही त्यानं करार करू नये. वर्गणी कमी झालेल्या पगारातून द्यायची आणि ती कुणाला, तर वाळू न उचलणाऱ्या माणसाला? लोकांनी कुजबुजत म्हटलेलं त्यांनी मोठ्यानं म्हटलं, आणि जास्त चांगलं म्हटलं. एक शब्द स्वतःची कीव येईल असा नव्हता. महिनाभर कुरकुरणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

मग ते उतरले. खोकं पुसलं. आणि ‘आता मी माझा’ म्हणाले नाहीत. ठराव त्यांच्याच पगाराचा, त्यांनी स्वतःच्या बाजूनं कसं बोलावं? ते हॉटेलासमोरच्या कडुनिंबाला टेकून बसले आणि गेनूकडं पाहिलं. गेनू डोळे पुसत होता.

कुणीच बोललं नाही. बोलणार काय? एवढ्या मोठ्या मनानं माणूस स्वतःचा पगार सोडतोय, असं प्रत्येकाला वाटलं. पगार चालू ठेवा म्हणणारा एकही हात वर झाला नाही. बंद करा म्हटल्यावर सगळे झाले. आणि काय सांगू तुम्हाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पळत जाऊन कॅम्पातून झेंडूचा हार आणला. सेक्रेटरी उठले, हार घालून घेतला, हात जोडले. अर्धी भुवई जरा वर गेली होती, बाकी तोंडावर काही दिसेना.

त्या दिवशी माझा चहा भरपूर खपला.

दोन दिवसांनी मी गेनूला गाठलं. म्हटलं, अरे, तू तरी उठायचंस. दरवेळी तर तूच त्यांना उत्तर देतोस.

“माठाची गोष्ट येगळी, तात्या,” तो म्हणाला. “ह्यो त्येंच्या पगाराचा इषय. त्येच म्हणतायत नगं. आमी घ्या घ्या म्हणून गळ्यात मारायचं व्हय? अपमान न्हाई का त्यो? देवमाणूस हाय त्यो.”

“आणि खाणार काय देवमाणूस?”

“जाईल की भट्टीवर परत.”

मी समोरच्या फाटकाकडं बोट दाखवलं. मग त्याच्या लक्षात आलं. वर्षभर नवा माणूस घ्यायचा नाही, असं करारात होतं. सेक्रेटरींनी राजीनामा दिलेला, म्हणजे ते आता नवेच. त्यांच्याच सहीनं त्यांना फाटक बंद झालं होतं. गेनूनं सायकल भिंतीला टेकवली आणि तो तिथंच खाली बसला.

नंतर धावाधाव झाली. गेनू चार माणसं घेऊन त्यांच्या घरी गेला, ठराव फिरवू म्हणाला. सेक्रेटरी म्हणाले, सभेनं केलेला ठराव माझ्या घरात बसून फिरवायचा नाही. बरं, सभा बोलवा. तर म्हणाले, माझ्या पगारासाठी मी सभा बोलवू? आणि बाकी कुणाला सभा बोलवायची सवय नव्हती. आपसात गोळा करून पैसे आणले, ते वहिनींनी चहा पाजून परत पाठवले. थोड्याच दिवसांत त्यांनी सामान बांधलं. जाताना सेक्रेटरी माझ्याकडं आले, रेडिओ जरा मोठा कर म्हणाले, एक गाणं पूर्ण ऐकलं आणि गेले. वहिनी टांग्यात बसून होत्या. त्यांनी माझ्याकडं काही बघितलं नाही.

युनियन चालू राहिली. नवे सेक्रेटरी आले, चांगले होते. पण सभा भराभर उरकायला लागल्या. ठराव वाचायचा, हात वर, घरी. नव्या पोरांची नोकरी टिकली, त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढं इथंच बिऱ्हाडं थाटली.

मला मात्र चैन पडेना. बाकांवर त्यांच्याबद्दल दोन मतं झाली होती. एक म्हणे संत माणूस, दुसरा म्हणे हट्टी माणूस. संत माणसं मला झेपत नाहीत, आणि हट्टी म्हणावं तर माझ्या रेडिओपुढं येऊन बसणारा माणूस कसला हट्टी? त्यांना पगार नकोच होता का? खोक्यावरून बोलले ते मनापासून की नेहमीसारखं दुसऱ्याच्या वतीनं? हे विचारल्याशिवाय माझं पोट भरणार नव्हतं.

दीडएक वर्षानं साडूच्या मुलीच्या लग्नाला सांगलीकडं गेलो आणि जेवणं झाल्यावर त्यांचा ठिकाणा हुडकत निघालो. एका लहानशा कारखान्यात सापडले, पुन्हा काळ्या वाळूत, साचे भरताना. केस पिकले होते, खोकला वाढला होता. मला बघून खूप हसले. दाराबाहेर दगडावर बसलो. पिंपरीची सगळी खबर घेतली. नवी पोरं कशी आहेत ते नावानिशी विचारलं. वहिनी दुसऱ्यांचे कपडे शिवतात, मुलीची शाळा मध्येच सुटली, हे मी विचारल्यावरच सांगितलं.

मग मी विचारलंच. “सेक्रेटरी, तुम्हाला पगार खरंच नको होता?”

“पायजे होता की,” ते म्हणाले. “लई पायजे होता.”

“मग तेव्हा बोललात ते खोटं?”

“खोटं कशाला? एकेक अक्षर खरं होतं. पण त्याला उत्तर होतं, तात्या. तेही तेवढंच खरं. ते मी कसं देणार? ते दुसऱ्यानं द्यायचं.”

“काय होतं उत्तर?”

ते बराच वेळ हातावरची वाळू झाडत राहिले. झडण्यासारखी उरली नव्हती तरी झाडत होते.

“काही मोठं नाही रे,” ते म्हणाले. “हा माणूस दिवसभर आपल्यासाठी उन्हातान्हात फिरतो, ह्याच्याही घरी चूल पेटायला पायजे. एवढंच कुणीतरी म्हणायचं. मी झाडाला टेकून तेवढ्यासाठी वाट बघत बसलो होतो. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

आतून भट्टी फोडून रस काढायची हाक आली. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, वहिनींना भेटून जा म्हणाले आणि आत गेले.